वजनकाट्यावरचा शुक्रवार

मे महिन्यातला शेवटचा सोमवार अमेरिकेत मेमोरियल डे म्हणून पाळला जातो, आणि त्याच्या आधीचा शुक्रवार हा आमच्या धंद्यातला सर्वांत धावपळीचा दिवस असतो. डेन्व्हर शहराच्या कडेला असलेल्या एका ट्रॅव्हल ट्रेलरच्या दुकानात मी हिच, म्हणजे ट्रकला ट्रेलर जोडणारा सांधा, बसवण्याचे काम करतो. पुण्यात ऑटोमोबाईलचा डिप्लोमा केला तेव्हा आपण पुढे लोकांच्या फिरत्या घरांना ट्रक जुंपून देणार आहोत, अशी कल्पना मला स्वप्नातही नव्हती. विक्रेत्याने सौदा ठरवला आणि कर्जाचे कागद झाले, की गिऱ्हाइकाचा ट्रक माझ्याकडे येतो. मी हिच बसवतो, ट्रेलरचे ब्रेक चालवणारा कंट्रोलर जोडतो, सात पिनांचा प्लग तपासतो, आणि त्या दुपारी एखादे कुटुंब आपले नवे घर मागे बांधून डोंगराकडे निघते.

त्या शुक्रवारी आलेले कुटुंब मराठी निघाले. नवरा-बायको दोघेही संगणक क्षेत्रात, दहा-बारा वर्षांची मुलगी, आणि सहा महिन्यांसाठी भारतातून आलेले नवऱ्याचे आईवडील. कराडजवळच्या गावचे, आयुष्यभर ऊस लावलेले हे काका माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचे आडनाव वाचून थेट मराठीतच बोलू लागले. बेत असा होता, की दुसऱ्या दिवशी पहाटे आय-७० या महामार्गाने पश्चिमेला निघायचे आणि युटामधल्या मोॲबला मुक्काम करायचा. ट्रेलर ३१ फुटांचा होता. कोरडे वजन ६,३५० पौंड, आणि सर्व सामानासह कमाल अनुज्ञेय वजन ७,८०० पौंड. ट्रक अर्धा-टनी वर्गातला, चार दारांचा, दोनच वर्षांचा. माहितीपत्रकात त्याची ओढण्याची क्षमता ११,३०० पौंड दिली होती. विक्रेत्याने याच दोन आकड्यांची वजाबाकी करून साडेतीन हजार पौंड हाताशी शिल्लक राहतात असे सांगितले होते, आणि एका अर्थाने तो खोटे बोललाही नव्हता.

माझी एक सवय आहे. हिचचे खोके उघडण्यापूर्वी मी ट्रकचे चालकाच्या बाजूचे दार उघडतो आणि खांबावरचा पिवळा पट्टा असलेला स्टिकर वाचतो. त्यावर लिहिलेले असते, की माणसे आणि सामान यांचे एकत्रित वजन अमुक आकड्यापेक्षा कधीही जास्त असता कामा नये. हा आकडा त्या वर्गातल्या सगळ्या ट्रकांना मिळून एक नसतो, तो त्या एका ट्रकचा असतो, कारण सनरूफ, चामड्याची आसने, मोठी चाके असे जे जे कारखान्यात बसवले जाते ते त्यातून वजा होत जाते. या ट्रकवर लिहिले होते ६९१ किलो, म्हणजे १,५२३ पौंड. ‘अर्धा-टनी’ हे नाव जुन्या काळच्या भारक्षमतेवरून पडले आणि आजही चालते, पण त्या नावावरून आजच्या ट्रकची पाठ किती मजबूत आहे हे कळत नाही. ते या स्टिकरवरूनच कळते.

इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण नेमकी इथेच बहुतेकांची गफलत होते. ट्रेलर नुसता मागून ओढला जात नाही, त्याच्या एकूण वजनाचा काही हिस्सा ट्रकच्या पाठीवर बसतो. त्याला टंग वेट म्हणतात, म्हणजे ट्रेलरच्या जिभेने हिचच्या गोळ्यावर टाकलेला भार. ट्रॅव्हल ट्रेलरच्या बाबतीत तो एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो, आणि हा भार माणसे आणि सामान यांच्याच खात्यात, त्याच पिवळ्या स्टिकरच्या आकड्यात मोजायचा असतो. माहितीपत्रकातला ओढण्याचा मोठा आकडा एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-२८०७ नावाच्या मानकानुसार काढला जातो. त्या चाचणीत ॲरिझोनातल्या बुलहेड सिटीजवळचा डेव्हिस डॅम घाट, म्हणजे सुमारे ११ मैलांची सलग चढण, एअर कंडिशनर पूर्ण सुरू ठेवून ताशी किमान ४० मैल वेगाने पार करायची असते. चाचणी कठीण आहे यात शंका नाही, परंतु तिच्या हिशेबात ट्रकमध्ये प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे बसलेली असतात आणि टंग वेट १० टक्के धरलेले असते. आता ११,३०० पौंडांचे १० टक्के म्हणजे १,१३० पौंड. ते १,५२३ मधून वजा केले तर उरतात ३९३ पौंड. त्यात दोन माणसे मावतात. आजी, आजोबा, नात आणि कुकर मावत नाहीत.

मी हे विक्री-व्यवस्थापकाला जाऊन सांगितले. त्याने घड्याळाकडे पाहिले आणि गिऱ्हाइकाकडून एका कागदावर सही घेऊन मोकळे व्हावे असे सुचवले. मी त्याला दोष देत नाही, बाहेर आणखी सात कुटुंबे ताटकळत होती. पण डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला माणूस तासाभरात आयझेनहॉवर बोगद्यापाशी, म्हणजे ११,००० फुटांहून अधिक उंचीवर पोहोचतो. बोगद्याच्या पलीकडे सिल्वरथॉर्नपर्यंत सुमारे ७ टक्क्यांचा उतार आहे, आणि ब्रेक निकामी झालेले ट्रक शिरून थांबावेत म्हणून त्या उतारावर खडीचे चढते मार्ग मुद्दाम बांधून ठेवलेले आहेत. तो उतार मला ठाऊक असताना मी कागदावर भरवसा ठेवू शकत नव्हतो.

म्हणून मी माझ्या जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना महामार्गालगतच्या ट्रक स्टॉपवर, कॅट स्केल या कंपनीच्या वजनकाट्यावर नेण्याचे ठरवले. काकूंना त्यांचे वजन विचारण्यापेक्षा अख्खे कुटुंब ट्रकसह काट्यावर चढवणे मला सोपे वाटले. हिच बसवला, ट्रेलर जोडला, पाण्याची टाकी भरली, गॅसचे दोन्ही सिलिंडर भरून घेतले. सूनबाईंनी घरून आणलेले भांड्यांचे आणि किराण्याचे खोके ट्रेलरच्या कपाटांत आधीच गेले होते. ट्रकच्या हौद्यात सरपण, घडीच्या खुर्च्या आणि छोटा जनरेटर होता.

काट्याचे तीन तुकडे असतात, ट्रकचा पुढचा ॲक्सल एकावर, मागचा दुसऱ्यावर आणि ट्रेलरचे ॲक्सल तिसऱ्यावर येतात. आम्ही तीनदा वजन केले. पहिल्यांदा हिचचे भारवाटप करणारे दांडे ताणून, दुसऱ्यांदा ते सैल सोडून, आणि तिसऱ्यांदा ट्रेलर बाजूला उभा करून नुसता ट्रक. तिन्ही वेळा माणसे जागची हलली नाहीत. पहिली पावती हातात येताच काकांनी विचारले, ‘‘हा काटा तरी खरा आहे ना?’’ साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या घालवलेल्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न इतका स्वाभाविक होता, की मला हसू आवरेना. या काट्यावर वजन नियमात दाखवले आणि पुढे सरकारी काट्यावर जास्त भरून दंड झाला, तर कंपनी तो दंड स्वतः भरण्याची किंवा कोर्टात उभे राहण्याची हमी देते, असे मी सांगितले. काकांनी मान हलवली, पण पटले असावे असे वाटले नाही.

नुसता ट्रक, पाच माणसे आणि हौद्यातल्या सामानासह, ६,५६० पौंड भरला. ट्रकचे कमाल अनुज्ञेय वजन ७,०५० पौंड होते, म्हणजे ट्रेलरची जीभ टेकण्यापूर्वीच केवळ ४९० पौंड उरले होते. दांडे सैल असताना जोडलेल्या ट्रकचे वजन ७,५०० पौंड आणि ट्रेलरच्या चाकांवर ६,२४० पौंड आले. याचा अर्थ टंग वेट ९४० पौंड, म्हणजे ट्रेलरच्या एकूण ७,१८० पौंडांच्या १३ टक्के. ट्रेलर भरायला कोणी चूक केली नव्हती, प्रमाण अगदी योग्य होते. पण तो भार मागच्या ॲक्सलच्याही मागे लोंबकळत असल्यामुळे पुढची चाके ३,३४० वरून २,९२० पौंडांवर हलकी झाली होती आणि मागच्या ॲक्सलवर ४,५८० पौंड चढले होते. त्या ॲक्सलची मर्यादा ४,०५० होती. सुकाणू आणि ब्रेकचे मुख्य काम पुढची चाके करतात, त्यामुळे ती हलकी होणे ही घाटात सर्वांत वाईट गोष्ट.

दांडे ताणले की एकचाकी हातगाडीचे दांडे उचलावेत तसा परिणाम होतो. ट्रकची मागची बाजू थोडी वर येते, आणि भाराचा काही भाग पुढच्या चाकांकडे, काही ट्रेलरच्या चाकांकडे जातो. त्या पावतीवर पुढे ३,२२०, मागे ४,१२० आणि ट्रेलरवर ६,४०० पौंड होते. चित्र बरेच सुधारले होते, तरीही ट्रक आपल्या मर्यादेपेक्षा २९० पौंडांनी आणि मागचा ॲक्सल ७० पौंडांनी जड होता, आणि कपडे, अंथरुणे, सायकली अजून भरायच्याच होत्या. गंमत अशी, की ट्रक आणि ट्रेलर यांचे मिळून १३,७४० पौंड वजन हे इंजिनच्या जोडवजनाच्या मर्यादेच्या कितीतरी आत होते. त्या इंजिनाने हा ट्रेलर बोगद्यापर्यंत कुरकुर न करता ओढून नेला असता, आणि म्हणूनच चालवणाऱ्याला काही चुकते आहे असे वाटलेही नसते.

गिऱ्हाईक अभियंता असल्यामुळे त्याने लगेच पर्याय शोधायला सुरुवात केली. मागच्या स्प्रिंगांना हवेच्या पिशव्या लावल्या तर? ट्रक सरळ दिसेल, असे मी म्हटले, पण दारावरचा आकडा बदलणार नाही, कारण ॲक्सल, चाके आणि ब्रेक तेच राहतील. पाणी रिकामे करून नेले तर? ३३० पौंड वाचतील, मात्र त्यातला थोडाच हिस्सा जिभेवरून उतरेल, आणि मोॲबला पोहोचल्यावर टाकी भरावीच लागेल. मग त्याने तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक हुशार माणूस शेवटी विचारतो: जड सामान ट्रेलरच्या अगदी मागच्या टोकाला ठेवले, तर जिभेवरचा भार आपोआप कमी होणार नाही का?

मी उत्तर देण्याआधीच मागच्या आसनावरून काका म्हणाले, ‘‘अरे, मग गाडी उलाळ होणार की.’’

बैलगाडी धुरजड, म्हणजे पुढून जड, झाली तर ओझे बैलांच्या खांद्यावर येते आणि बैल दमतात, पण उलाळ, म्हणजे मागून जड, झाली तर जू वर उचलून त्यांच्या गळ्याला आवळते आणि उतारावर गाडी कोणाच्याच ताब्यात राहत नाही. त्यांनी हे दोन वाक्यांत मुलाला सांगितले, आणि मी गेली आठ वर्षे इंग्रजीतून जे समजावत आलो होतो ते माझ्याच भाषेत माझ्याआधीच तयार होते हे मला त्या वेळी कळले. ट्रेलरच्या बाबतीत उलाळ होणे म्हणजे शेपूट हलू लागणे. जिभेवर पुरेसा भार नसेल, तर शेजारून मोठा ट्रक गेला किंवा कडेचा वारा लागला की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलतो, वेग जास्त असेल तर प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो, आणि अखेरीस तो ट्रकची मागची बाजूच ओढून नेतो. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबायचा नसतो. पाय ॲक्सलरेटरवरून काढून, कंट्रोलरची कळ हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे असतात. ही कळ कुठे आहे हे मी नवरा-बायको दोघांनाही डोळे मिटून शोधायला लावले. मोठा ट्रेलर न्यायचा असो वा लहान, हे शिकणे चुकत नाही.

परत आल्यावर वादावादी झाली, तिचा तपशील सांगण्यात अर्थ नाही. व्यवस्थापक माझ्यावर आठवडाभर नाराज राहिला. कर्जाची रक्कम अजून वळती झाली नव्हती, त्यामुळे सौदा बदलता आला. मोठा, पाऊण-टनी वर्गातला ट्रक घ्यावा का, याचाही विचार झाला. मी इतकेच सुचवले, की त्या वर्गातही आधी स्टिकर वाचावा, कारण वजनदार डिझेल इंजिन आणि आलिशान सजावट असलेल्या ट्रकची पाठ कधीकधी साध्या पेट्रोल ट्रकपेक्षा बरीच कमी पेलते. शेवटी निर्णय सूनबाईंनी घेतला. त्यांनी २२ फुटांचा, कमाल ५,२०० पौंडांचा ट्रेलर निवडला. त्यात मुलीसाठी वरचा बंक होता आणि जेवणाचे टेबल खाली पाडले की काका-काकूंपुरता पलंग होत होता. काकूंनी त्या टेबलावर बसून, मग आडवे होऊन पाहिले, आणि एस.टी.च्या बाकड्यापेक्षा बरे आहे असा निर्वाळा दिला.

मोॲबचा बेत एका आठवड्याने पुढे ढकलला गेला. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी, माझी पाळी संपल्यावर, आम्ही पुन्हा त्याच काट्यावर गेलो. या वेळी हौद्यातले सरपण आणि जनरेटर काढून टाकले होते. मोॲबच्या कॅम्पग्राउंडवर वीज होती, आणि लाकूड तिथेच विकत मिळते. ट्रेलर सर्व सामानासह ४,८६० पौंड, त्यातले ६०० जिभेवर. दांडे ताणल्यावर ट्रक ६,९०० पौंड भरला, म्हणजे मर्यादेच्या आत दीडशे पौंडांनी. मी म्हणालो, की परतीच्या वाटेवर पॅलिसेड गावची पीच फळे घ्यायची असतील, तर हिशेबाने घ्या. तो हंगाम अजून लांब आहे हे त्यांनी माझ्या लक्षात आणून दिले. काकांनी पावती मागून घेतली, दोनदा वाचली, बेरीज स्वतः करून पाहिली, आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली.