मापाच्या वहीतले कामाचे कपडे

चिपळूणच्या बाजारपेठेत आमचे शिवणकामाचे दुकान आहे. बाबांनी ते उभे केले आणि आता मी चालवते. लग्नसराईत ब्लाउज आणि जूनमध्ये शाळेचे गणवेश आमच्याकडेही येतात, पण दुकानाला गिऱ्हाईक टिकले ते कामावर घालायच्या कपड्यांमुळे. एस.टी.चे चालक आणि वाहक, तालुका न्यायालयातले वकील, लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतले कामगार, दवाखान्यातल्या परिचारिका अशी वेगवेगळ्या कामांतली माणसे आमच्या एकाच आरशासमोर उभी राहिली आहेत.

गळ्यात टेप अडकवून बाबा माप घ्यायला उभे राहिले, की छाती-कंबर मोजण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे : "दिवसभरात तुमचे हात कुठे असतात?" नवे गिऱ्हाईक या प्रश्नाने गोंधळून जाई. मग बाबा त्याला कामावर तो जसा उभा राहतो किंवा बसतो तसे करून दाखवायला सांगत, आणि त्या अवस्थेत पुन्हा टेप लावत. त्यांच्या मापाच्या वहीत खांदा, छाती, बाही, उंची या नेहमीच्या आकड्यांखाली एक ओळ जास्तीची असे. "उजवा हात वर", "पुढे वाकून", "डाव्या खांद्यावर वजन" असे त्या ओळीत लिहिलेले असे. कोणाचे काम काय आहे, हे ती ओळ वाचून मला न सांगता कळू लागले होते.

डाव्या खांद्यावर वजन असलेला माणूस म्हणजे वाहक. कातडी पिशवीचा पट्टा वर्षानुवर्षे एकाच जागी घासला जातो, त्यामुळे त्याच्या शर्टाची कॉलर शाबूत असतानाच खांदा विरतो. बाबा तिथे आतून त्याच कापडाची दुसरी पट्टी लावत. मात्र त्यांची खरी कसोटी बगलेला, म्हणजे शर्टाला बाही जोडतात त्या गोलाईला, लागे. गर्दीच्या गाडीत वाहकाचा एक हात वरच्या दांड्याला असतो आणि दुसरा पिशवीत, आणि हात वर गेला की शर्ट पँटमधून बाहेर येतो. पुष्कळ शिंपी अशा वेळी बगल सैल करतात, कारण सैल कपड्यात हात मोकळा राहील असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. बगल खाली उतरवून सैल ठेवली, तर हात वर करताच सगळा शर्ट हाताबरोबर ओढला जातो. बगल काखेच्या जवळ घेतली आणि बाहीला वरच्या बाजूने पुरेशी रुंदी दिली, तर हात एकटाच वर जातो आणि शर्ट जागेवर राहतो. हे मला पटायला दोन शर्ट बिघडवावे लागले. बाबांनी ते दोन्ही माझ्याकडूनच उसवून घेतले.

चालकाचे काम याहून वेगळे. त्याचे दोन्ही हात सतत पुढे असल्यामुळे त्याच्या शर्टाच्या पाठीला, खांद्याच्या पट्टीखाली, दोन चुण्या सोडाव्या लागतात, आणि पँटला बैठकीच्या जागी दुहेरी कापड लावावे लागते. आमच्याकडे बहुतेक जण गणवेशाचे खाकी कापड स्वतः घेऊन येत आणि तो गणवेश त्यांना बराच काळ पुरवायचा असे. म्हणून बाबा शिवणीत बोटभर तरी माया, म्हणजे जास्तीचे कापड, सोडत. पुढे पोट सुटले, तर तेवढीच शिवण उसवून पँट मोठी करता येई.

याच खाकीबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. खाकी हा शब्द फारसीतल्या 'खाक' म्हणजे धूळ, माती या शब्दावरून आला आहे. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याने गाइड्स नावाची पलटण उभी केली आणि पांढऱ्या, लाल कपड्यांऐवजी आपल्या शिपायांना मातकट रंगाचे कपडे दिले. तिथून हा रंग सैन्यात, पोलिसांत आणि पुढे वाहतुकीच्या नोकऱ्यांत पसरला. ती धूळ सरहद्दीकडची, पिवळसर. आमच्या जांभ्या दगडाच्या मुलखातली धूळ तांबडी आहे, आणि ती खाकीवर चांगलीच उठून दिसते. उन्हाळ्यात आतल्या गावांच्या फेऱ्या करून आलेल्या वाहकाची कॉलर पाहिली, की हा रंग आमच्या मातीसाठी निवडलेला नव्हता, याची खात्री पटते.

वकिलांच्या काळ्या कोटाविषयी माझे मत स्पष्ट आहे. मे महिन्यात चिपळूणच्या दमट हवेत तो कोट घालून उभे राहणे ही शिक्षा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार सर्वोच्च आणि उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, परंतु सवलत असूनही अनेक जण तो घालतात, कारण कोटाशिवाय पक्षकाराला आपला वकील वकील वाटत नाही. बाबा अशा कोटांना पाठीला अस्तर लावत नसत. फक्त खांद्यापुरते आणि पुढच्या दोन पल्ल्यांना अस्तर लावले, तर कोट बाहेरून तसाच भरदार दिसतो आणि पाठीतून थोडी तरी हवा खेळते.

लोट्याच्या रासायनिक कारखान्यांतले कामगार येऊ लागले, तेव्हा बाबांनाही नव्याने शिकावे लागले. टेरिकॉट टिकाऊ असते, इस्त्री मोडत नाही, लवकर वाळते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात लवकर वाळणे ही मोठी सोय आहे. परंतु आगीजवळ असे कृत्रिम धाग्याचे कापड वितळून कातडीला चिकटते, आणि घासले गेले तर त्यातून ठिणगीही पडू शकते. तेथे जाड सुती कापडच हवे. पँटची मोहरी बाहेर दुमडलेली चालत नाही, कारण त्या दुमडीत ठिणगी किंवा भुकटी अडकते. खिशांना झाकण लागते. मोहरी बुटाच्या आत न खोचता बुटावरून बाहेर सोडायची, म्हणजे अंगावर सांडलेले आम्ल बुटात उतरत नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने चालू यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्या कामगाराला अंगाबरोबर बसणारे कपडे घालायला लावले आणि ते कपडे पुरवण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली. लोंबणारी बाही पट्ट्यात सापडली की तिच्यामागून हात जातो, हे आमच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक फिटरला माहीत होते.

बायकांचे कपडे या वहीत उशिरा आले. मी नववीत असताना पहिली महिला वाहक दुकानात आली आणि बाबांनी टेप माझ्या हातात दिला. खाकी पंजाबी ड्रेस शिवायचा होता. बाबांनी पडद्याबाहेरूनच आपला नेहमीचा प्रश्न विचारला. त्या ताई म्हणाल्या, "मास्तर, हात कुठेही असू देत, मला खिसा द्या. पेन एकीकडे, रुमाल दुसरीकडे, आणि घरची किल्ली कुठे ठेवू?" तोपर्यंत आम्ही बायकांच्या कोणत्याही कपड्याला खिसा लावलेला नव्हता. बाबांनी कमरेखाली दोन्ही बाजूंच्या शिवणीत खिसे घेतले, पण ते चुकले : सुटे पैसे पडले की कुर्ता एका बाजूला ओढला जाई. दुसऱ्या वेळी त्यांनी खिशाचे वरचे टोक कमरेच्या शिवणीत अडकवून घेतले आणि त्या ओढीचा प्रश्न मिटला. नंतर आलेल्या प्रत्येक नोकरदार बाईला आम्ही खिसा न विचारताच लावला.

खरे तर बाईच्या कामाचा पोशाख आमच्याकडे गणवेशांच्या कितीतरी आधीपासून आहे. दाभोळकडून मासे घेऊन बाजारात येणाऱ्या कोळणीचे नऊवारी लुगडे पाहावे. काष्टा घातल्यामुळे पाय मोकळे राहतात, होडीतून उतरताना पदर-निऱ्या पाण्यात जात नाहीत, आणि पैसे ओच्यात खोचता येतात. त्या कपड्याला एकही शिवण नाही. भाताच्या लावणीला वाकलेली बाई पाठीवर इरले घेते, कारण छत्री धरायला तिच्याकडे मोकळा हात नसतो. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे ते इरले (आता त्यावर प्लास्टिक आले आहे) पुढे वाकलेल्या पाठीच्या मापाने केलेले असते. सरळ उभे राहिलात तर ते नीट बसत नाही. ज्या बायकांनी काम केले त्यांनीच हे कपडे घडवले. त्या मानाने आजचे बायकांचे गणवेश पुष्कळदा पुरुषाच्या मापावरून लहान केलेले असतात, याचा मला राग येतो.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आपल्या महिला कर्मचाऱ्यांना तयार गणवेश दिले. लहान, मध्यम, मोठा अशी तीनच मापे होती. एका आठवड्यात दहा-बारा जणी ते घेऊन माझ्याकडे आल्या. कोणाचा खांदा दंडावर उतरलेला, कोणाला छातीवर बटण लागत नव्हते, आणि शिवणीत माया नावालाही नव्हती, म्हणजे उसवून मोठे करायची सोयच नव्हती. मी बाजूला त्याच रंगाच्या कापडाच्या पट्ट्या जोडल्या. नोकरीसाठी सक्तीने घालायच्या कपड्याची दुरुस्ती त्यांनी आपल्या पगारातून केली. एक जण म्हणाली, "ताई, आरशात बघितलं की दुसऱ्याचे कपडे घालून कामाला चालल्यासारखं वाटतं." मी तिच्याकडून फक्त दोऱ्याचे पैसे घेतले.

२२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठीचे पाणी दुकानात शिरले आणि माळ्याच्या फळीपर्यंत चढले. मशीन उघडून, तेल देऊन पुन्हा चालू करता आली. बाबांच्या मापाच्या वह्या मात्र गेल्या. चिखल वाळल्यावर त्यांची पाने एकमेकांना अशी चिकटली, की सुरीचे पाते घालूनही सुटेनात. एका वहीच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेले "हात वर" एवढेच वाचता येत होते.

त्या दिवसांत बाजारपेठेतला चिखल आणि कुजलेला माल उचलायला बाहेरगावाहून माणसे आली होती, त्यांत बायकाही होत्या. त्यांना दिलेले चमकत्या पट्ट्यांचे नारिंगी जाकीट गुडघ्यापर्यंत लोंबत होते आणि घमेले उचलायला वाकल्या की त्याचा खालचा काठ चिखलात बुडत होता. मशीन सुरू झाली त्या दिवशी मी त्यांतल्या तिघींना बोलावून घेतले, रिकामे घमेले हातात देऊन वाकायला सांगितले आणि टेप लावला. नव्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांची मापे आहेत : उंची सात इंच कमी, कमरेला बांधायला बंद, उजवीकडे झाकणाचा खिसा. खाली त्या जास्तीच्या ओळीत मी लिहिले आहे, "दोन्ही हात खाली, पुढे वाकून, वजन उचलताना".