चिठ्ठीबाहेरच्या सात बिया

काजू बागायतदारांना रोजचा खरेदीदर कळवणाऱ्या एका अ‍ॅपच्या कामासाठी मी मार्चअखेरीस गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळच्या गावांत मुलाखती घेत होते. पहिल्याच घरी पाऊण तास प्रश्न विचारूनही हाती काही लागले नाही. उत्तरे काका देत होते आणि काकींकडे वळून कोणती माहिती उपयोगी पडेल असे विचारले, की "सगळेंच बरें आसा गो बाय" एवढेच त्या म्हणत. दारी आलेल्या पाहुणीचे मन मोडायचे नसेल, तर असल्या प्रश्नाला माणूस दुसरे काय उत्तर देणार!

शेवटी मी अंगणात सहा चिठ्ठ्या मांडल्या: दर, वजनकाटा, पैसे मिळण्याचा दिवस, वाहतूक, हवामान आणि अनुदान. त्यांच्याच टोपलीतल्या वीस काजूबिया काकींच्या ओंजळीत दिल्या आणि ज्याची गरज अधिक, त्यावर अधिक बिया ठेवायला सांगितले. ही रीत माझी नव्हे. ग्रामविकासाचे ब्रिटिश अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९९०च्या दशकात जगभर पोहोचवलेल्या सहभागी ग्रामीण मूल्यांकनात गावकरी असेच बिया-खडे मांडून आपले अग्रक्रम दाखवत.

काजूच्या चिकाने काळवंडलेली त्यांची बोटे बराच वेळ दरावर घुटमळली. काका मध्येच म्हणाले, "दरच महत्त्वाचा." काकी काही बोलल्या नाहीत, त्यांनी दरावरची एक बी उचलून पैशांवर ठेवली. दरावर चार, काट्यावर तीन, पैशांवर सहा झाल्या आणि उरलेल्या सात त्यांनी सगळ्या चिठ्ठ्यांच्या बाहेर, मोकळ्या जमिनीवर ठेवल्या.

"या कशाच्या, काकी?"

"याची चिठ्ठी तू आणलीच नाहीस. बी ओली म्हणून व्यापारी वजनात घट धरतो, ती."

त्यानंतर त्या जवळजवळ तासभर बोलल्या: बी किती दिवस उन्हात घालायची, घरात पैशांची नड असली की ती अर्धवट सुकलेलीच कशी विकावी लागते आणि घट किती धरायची हे एकटा व्यापारीच कसे ठरवतो. वीसपैकी सात हा आकडा मी अहवालात निष्कर्ष म्हणून मांडला नाही, कारण एका घरच्या बियांची बेरीज काही सिद्ध करत नाही, बी जिथे थबकते तिथे "का?" विचारता येते, हेच या मांडणीचे खरे मोल आहे.

मांडणीचे छायाचित्र घेऊन मी बिया टोपलीत परत टाकल्या. पुढच्या घरी गेले तेव्हा पिशवीत तीन कोऱ्या चिठ्ठ्या होत्या आणि चौथीवर काकींच्या शब्दांत लिहिले होते: "ओल्या बियेची घट".