सारंगखेड्याहून फुरसुंगीला : पहिली घोडी आणताना

दत्तजयंतीच्या आदल्या रात्री पुणे सोडलं. नाशिक, मालेगाव, धुळे, दोंडाईचा असं करत उजाडताना तापीकाठी सारंगखेड्याला पोहोचलो. सोबत आमचे नालबंद, म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारे, चाचा होते. पहिला घोडा घ्यायला एकट्यानं जाऊच नका. ज्यानं आयुष्यभर खूर हातात धरलेत असा माणूस बरोबर असू द्या, त्याचा दिवसाचा खर्च आनंदानं उचला.

एकमुखी दत्ताचं दर्शन घेतलं आणि यात्रेतल्या घोडेबाजारात शिरलो. मारवाडी, काठेवाडी, पांढरेशुभ्र नुकरे, हलगीवर नाचणारे घोडे, सगळीकडे गर्दी. मी एका अबलखापाशी, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांच्या चितकबऱ्या घोड्यापाशी, खिळून राहिले. चाचांनी व्यापाऱ्याला एवढंच सांगितलं, "ढोल थांबवा आणि याला कडक जमिनीवर सरळ दुडकी चालवा." दहा पावलांत मला दिसलं. पुढचा डावा पाय टेकला की मान वर उडायची, उजवा टेकला की खाली जायची. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून घोडा मान उचलतो. नाचताना हे कळत नाही. घोडा घेणाऱ्यांनी हे एवढं तरी पाहाच: सरळ जाताना, येताना, आणि दोन्ही बाजूंना गोल फिरवून. शिवाय घोडा थंड असताना बघा. आधीच घाम येईपर्यंत फिरवलेला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता पुन्हा पाहायला जा. वेदनाशामक दिलं असेल तर लंगडणं झाकलं जातं, त्यामुळे मोठी रक्कम मोजणार असाल तर डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या.

आम्ही मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी एका कोपऱ्यात एक कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची नि काळ्या आयाळीची, घोडी तोबऱ्यात तोंड घालून उभी होती. चाचा खाली बसले, गुडघ्याखालच्या नळीमागची शीर दोन बोटांत धरून हळूहळू खालपर्यंत सरकवली. कुठे गरम नाही, कुठे गाठ नाही. चारही खूर उचलून दिले तिनं, न झगडता. मग ओठ वर करून दात पाहिले. पाच वर्षांपर्यंत पुढचे दुधाचे दात पडून पक्के दात आलेले असतात. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीतून निघणारी खाच साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते आणि पंधराच्या सुमारास निम्म्यापर्यंत येते. हिची खाच नुकती उगवत होती. मालक आठ सांगत होता, चाचा दहा म्हणाले. मला दहाच हवी होती. नवख्या माणसाला तीन-चार वर्षांचं तरणं शिंगरू कुणी स्वस्तात देऊ केलं तरी घेऊ नये. ते शिकलेलं नसतं आणि आपणही नसतो.

अंगावरचे केसांचे भोवरे आणि पंचकल्याणी (चारही पाय नि तोंड पांढरं असलेला घोडा) यांच्या शुभ-अशुभाची चर्चा बाजारात खूप होते. ज्याची श्रद्धा आहे त्यानं पाहावं, पण पायांनंतर.

इसार देण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा निगेटिव्ह अहवाल मागून घेतला आणि त्यातलं वर्णन घोडीशी ताडून पाहिलं. हा रोग माणसालाही होतो, यात भीड धरू नका.

टेम्पोत वाळू टाकून वर पेंढा पसरला, दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवलं. पुण्याजवळ फुरसुंगीला पहाटे उतरवली आणि इतर घोड्यांपासून तीन आठवडे वेगळी बांधली. पहिले दोन दिवस जुन्या मालकाकडून आणलेलाच चारा दिला, कारण खाणं एकदम बदललं की पोटशूळ उठतो आणि घोड्याला उलटी करता येत नाही. पुण्याच्या पाण्याला मात्र ती तोंडच लावेना. संध्याकाळी बादलीत थोडा गूळ विरघळवला. तिनं वास घेतला, कान पुढे केले आणि अर्धी बादली संपवली.