चौऱ्याहत्तर की एकवीस

डोळे तपासण्याच्या कामात बहुतेक निकाल दिलासा देणारे असतात. नंबर निघतो, चष्मा लागतो, फळ्यावरचं दिसू लागतं. रंगदृष्टीच्या तपासणीचं तसं नाही. लाल-हिरव्यातली जन्मजात उणीव औषधाने जात नाही, आणि ती उघडी पडते तीही अनेकदा ऐन मोक्याला. विमान चालवायचंय, आगगाडी चालवायचीय, बोटीवर जायचंय, म्हणून कोणी तपासणीला येतं आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळं बदलतं.

ती मुलगी यातल्या कशासाठीही आली नव्हती. तेरा-चौदा वर्षांची, चित्रं काढणारी. शिक्षकांनी तिचं निसर्गचित्र वर्गासमोर धरून सांगितलं होतं, "हिला रंगांचं भानच नाही. हा नाद सोड." वडील तिला घेऊन आले, पण त्यांचंही मत आधीच ठरलेलं होतं. "लक्षच नसतं हो तिचं, मॅडम. मी कधीचा सांगतोय, दुसरं काहीतरी धर."

जपानी नेत्रतज्ज्ञ शिनोबू इशिहारा यांचे रंगदृष्टी तपासायचे तक्ते 1917 सालापासून वापरात आहेत. रंगीत ठिपक्यांच्या गोलात लपलेला आकडा वाचायचा, एवढंच लोकांना माहीत असतं. पण पुस्तक 75 सेंटिमीटरवर धरावं लागतं, दिवसाचा उजेड किंवा तसाच दिवा लागतो, आणि एका पानाला साधारण तीन सेकंद द्यायचे असतात. पानाला बोट लावू द्यायचं नाही, कारण घामाने आणि तेलाने छपाईचे रंग बिघडतात. माझं पुस्तक मी उन्हापासून जपते, काम झालं की मिटून ठेवते. मोबाईलवर ही चाचणी करून घाबरून आलेल्या माणसांचा मला राग येत नाही, पण पिवळट बल्बखाली विटलेलं पुस्तक धरून कुणाचं भवितव्य ठरवणाऱ्या तपासनिसांचा फार येतो.

पहिल्या पानावरचा 12 सगळ्यांनाच दिसतो. तो तिने वाचला. पुढे 8 च्या जागी 3 म्हणाली, 29 च्या जागी 70. मग 74 चं पान आलं. ती म्हणाली, "एकवीस."

माझ्या मागे उभे असलेले वडील लगेच म्हणाले, "बरोबर वाचतेय की."

मी पान उलटायची थांबले. लाल-हिरव्याची उणीव एक्स गुणसूत्रावरून येते. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत ती 12 पुरुषांमागे एकात आढळते, स्त्रियांत मात्र 200 मागे एकीत. मुलीत ती दिसायची तर आई आणि वडील दोघांकडूनही यावी लागते. आई स्वतः नीट पाहू शकते, नुसती वाहक असू शकते. वडिलांकडे मात्र एकच एक्स असतं. म्हणजे ते उत्तर माझ्या पाठीशीच उभं होतं.

"काका, तुम्हीही बसा जरा," मी म्हटलं.

त्यांनी तेच आकडे वाचले, मुलीपेक्षा जास्त आत्मविश्वासाने. पुढे काही पानं उलट्या चालीची असतात. त्यांवर निरोगी नजरेला आकडा सापडत नाही, लाल-हिरव्याची उणीव असलेल्यांना सापडतो. अशा एका पानावर बापलेक एकदम म्हणाले, "पंचेचाळीस." मला तिथे नुसते ठिपके दिसत होते. मी तसं सांगितल्यावर मुलगी पहिल्यांदा हसली.

मग रंगीत टोपणांची चाचणी घेतली. एका ठरलेल्या टोपणापासून सुरू करून पंधरा टोपणं रंगछटांच्या क्रमाने लावायची असतात. तिने ती अचूक लावली, म्हणजे उणीव सौम्य. वडिलांचा क्रम कागदावर जोडला तर रेघा वर्तुळ ओलांडून आरपार गेल्या, म्हणजे त्यांची उणीव तीव्र.

ते कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझं लक्ष होतं?"

लहानपणी त्यांनीही झाडाची पानं तपकिरी रंगवली होती, मार खाल्ला होता आणि हातातला ब्रश कायमचा खाली ठेवला होता. 'लक्ष नसतं' हे त्यांना ऐकवलेलं वाक्य, आणि तेच त्यांनी मुलीला ऐकवलं. दुष्टपणा कुठेच नव्हता. एक न तपासलेलं वाक्य दोन पिढ्या चालत आलं होतं.

इतक्यात बाहेरच्या टेबलावरून आमचा सहकारी कुणाला तरी सांगताना ऐकू आलं, "कलर ब्लाइंड आहे ती. आता कसली चित्रकार होतेय!" दार उघडंच होतं. माणूस कामाला चोख आहे, पण निकाल सांगण्याची त्याला भारी हौस, तीही न विचारता. मी उठून दार लावलं.

नाही म्हणावंच लागत नाही, असं माझं म्हणणं नाही. 1875 मध्ये स्वीडनमधल्या लागरलुंडा इथे रेल्वेचा भीषण अपघात झाला. त्यानंतर तिथले शरीरशास्त्रज्ञ फ्रितियोफ होल्मग्रेन यांनी रेल्वे कर्मचाऱ्यांची रंगदृष्टी तपासायचा आग्रह धरला, आणि तो योग्यच होता. लाल-हिरवा सिग्नल ओळखता येत नसेल तर इंजिनात बसू नये, हे मी तोंडावर सांगते. पण तिथेच थांबते. या पुस्तकाने लाल-हिरव्यातला फरक मोजला. हात, नजरेतली रचना, चिकाटी यांतलं काहीही त्याने मोजलेलं नाही. जे मोजलं नाही त्यावर बोलायचा अधिकार मला नाही, आमच्या सहकाऱ्याला नाही आणि त्या शिक्षकांनाही नाही.

मी तिला शार्ल मेर्योंबद्दल सांगितलं. एकोणिसाव्या शतकातला हा फ्रेंच चित्रकार रंगदोषामुळे कोरीवकामाकडे वळला आणि पॅरिसची त्याची काळी-पांढरी चित्रं आजही संग्रहालयांत आहेत. इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन डाल्टनबद्दलही सांगितलं. 1794 मध्ये त्याने स्वतःच्याच दृष्टीवर निबंध वाचला. मृत्यूनंतर त्याचे डोळे जपून ठेवले गेले आणि 1995 मध्ये त्यांतल्या डीएनएवरून त्याच्या दोषाचा प्रकार कळला. तिला डाल्टनमध्ये फारसा रस वाटला नाही. तिने विचारलं, "मग मी रंग वापरायचेच नाहीत का?"

"वापर की. नळीवरचं नाव वाचून घे. शंका आली तर मैत्रिणीला विचार. आणि उजेड-सावलीचं पक्कं करून ठेव, त्यात तुला काही अडचण नाही."

"आणि मी?" वडिलांनी विचारलं. मी म्हटलं, "तुम्हालाही तेच."

अहवालात मी निदानाखाली तीन ओळी जादा लिहिल्या: उणीव सौम्य आहे, ती लक्ष देण्याशी निगडित नाही, चित्रकला शिकायला कसलीही वैद्यकीय आडकाठी नाही. आमचे वरिष्ठ म्हणाले, अहवालात मोजमाप लिहावं, सल्ले नकोत. मी म्हटलं, मोजमाप बाहेर नेऊन लोक त्याचं काय करतात ते तुम्ही ऐकलंत ना? त्यांनी सही केली, पण पुढच्या वेळी असं नको म्हणाले. त्या तीन ओळी मी पुढच्या वेळीही लिहिणार आहे.