जंत, औषध आणि शेळीची पापणी

शेळीची खालची पापणी हलकेच ओढून पाहिली आणि आतला भाग लालसर दिसण्याऐवजी पांढराफटक दिसला, तर तिच्या पोटात हिमोंकस हे रक्तशोषक जंत असण्याची दाट शक्यता असते. एकेक मादी दिवसाला हजारो अंडी घालते. बेंझिमिडाझोल गटातले थायाबेंडाझोल हे जंतनाशक औषध १९६१ मध्ये बाजारात आले आणि १९६४ पर्यंत मेंढ्यांतील हे जंत त्याला दाद देत नसल्याच्या नोंदीही झाल्या. जंताच्या बीटा-ट्युब्युलिन या प्रथिनातील २००व्या स्थानावरचे एक अमिनो आम्ल बदलले, की या गटातील औषधे तिथे नीट चिकटू शकत नाहीत.

अल्बेंडाझोल याच गटातले, आणि राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना तेच दिले जाते. म्हणून जंतांनी औषधाला दाद न देण्याचा हा प्रश्न मला केवळ पशुवैद्यकाचा वाटत नाही.

संपूर्ण कळपाला अंदाजाने, तोही कमी डोस पाजण्याची सवय मला सर्वांत घातक वाटते. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या पद्धतीत पापणीचा रंग तक्त्याशी ताडून फक्त रक्तक्षय झालेल्या जनावरांनाच औषध देतात. त्यामुळे उरलेल्यांच्या पोटात औषधाला बळी पडणारे जंत टिकतात आणि प्रतिकारक्षम जंतांचे प्राबल्य लांबते. औषधापूर्वी आणि त्यानंतर साधारण १४ दिवसांनी लेंड्यांतील अंडी मोजली, तर ते लागू पडते की नाही हे पशुपालकालाही कळते.