रियुनियनला हापूसचा पल्प पाठवताना: माझा अनुभव

रत्नागिरीत आमचं छोटं कॅनिंग आहे. रियुनियन बेटावरच्या एका व्यापाऱ्याने हापूसचा पल्प मागवला. नमुने, चाचण्या, दर, सगळं सुरळीत पार पडलं. अडलं ते एका टेबलावर, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

विकसनशील देशांच्या मालाला युरोपीय संघ आयातशुल्कात सवलत देतो, ती जीएसपी. ६,००० युरोंच्या वरची खेप असेल तर त्यासाठी रेक्स, म्हणजे नोंदणीकृत निर्यातदार म्हणून नोंदणी हवी. मी अर्ज केला, तर कार्यालयातून त्रुटी आली: खरेदीदार युरोपातला नाही. फोन केला. "अहो, हे बेट आफ्रिकेकडे आहे, यादीत देशाचं नावही वेगळं येतं. यात युरोप कुठून आला?" मी म्हटलं, साहेब, १९४६ पासून तो फ्रान्सचा जिल्हा आहे, तिथे युरो चालतो. "तसं लेखी आणा."

लेखी कुणाकडून आणायचं, हे मात्र कुणी सांगेना. आज साहेब मीटिंगमध्ये, उद्या रजेवर. इकडे सीझन संपत आलेला, डबे भरून गोदामात, तिकडे व्यापारी कंटेनरची तारीख विचारतोय. नकाशा दाखवून उपयोग झाला नाही. शेवटी कायद्याचीच पानं छापून नेली. युरोपीय संघाच्या सीमाशुल्क संहितेचं कलम ४ सांगतं की फ्रान्सचा प्रदेश संघाच्या सीमाशुल्क क्षेत्रात येतो, सागरापारचे संलग्न प्रदेश तेवढे वगळून. न्यू कॅलेडोनिया त्या वगळलेल्यांत आहे. रियुनियनचं नाव मात्र संघाच्या करारातल्या कलम ३४९ मध्ये, संघाचाच भाग असलेल्या दूरच्या प्रदेशांत, स्पष्ट घेतलेलं आहे. दोन्ही ओळींखाली लाल रेघ मारून ठेवली. साहेबांनी वाचलं, आणि मग नोंदणी झाली. कार्यालयातून बाहेर पडलो तेव्हा छाती भरून आली होती.

तुम्ही जाणार असाल तर ही दोन पानं पहिल्या दिवशीच अर्जाला जोडा.

सवलतीसाठी माल भारतातला असल्याचा पुरावाही लागतो. हापूसचं भौगोलिक मानांकन त्यासाठी चालत नाही. बिलावर ठरलेल्या मजकुराचं निवेदन लागतं, आणि आंबा पूर्ण इथलाच असेल तर निकष 'पी'. ते निवेदन बारा महिने चालतं. काजूगर आणि ताजा आंबा पाठवणाऱ्यांनी ही धावपळ करू नये, त्यांवर युरोपात मुळातच शुल्क नाही. मॉरिशसशी २०२१ पासून आपला वेगळा करार आहे, पण शेजारचं बेट असलं तरी तो रियुनियनला लागू नाही.

आणखी एक, भाव ठरवण्याआधीच विचारायची गोष्ट. तिथे 'ऑक्ट्रोआ द मेर' नावाची सागरी जकात आहे. ती फ्रान्समधून आलेल्या मालालाही लागते, जीएसपीने ती माफ होत नाही. दर तिथली प्रादेशिक परिषद ठरवते. स्थानिक मालाला त्यात सूट देण्याची संघाची परवानगी ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. आम्ही ही जकात खरेदीदाराने भरायची असं ऑर्डरमध्येच लिहून घेतलं.