इतर हक्कात नको

22 जून, रविवार

धाकटी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. एकाच घरात, एकाच ताटात वाढलो, पण आमच्या दोघींच्या मधून कायद्याची एक रेष गेली आणि तिची तारीख आजचीच आहे. 22 जून 1994. त्या दिवसापासून महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. मुलीलाही मुलासारखा वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासूनचा हिस्सा. मात्र या तारखेच्या आधी जिचं लग्न झालं तिला तो नाही. माझं लग्न 1993 च्या मे महिन्यात झालं, धाकटीचं 1995 मध्ये. तिला हिस्सा, मला आहेर.

त्या काळी ही दुरुस्ती पुढारलेलीच म्हणायची. 1956 च्या मूळ कायद्यानं मुलीला बापाच्या स्वतःच्या वाट्यात वारस केलं, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मुलग्यांचाच ठेवला. आणि खेड्यात मिळकत म्हणजे बहुतेक वडिलोपार्जितच. आंध्रनं 1986 मध्ये, तामिळनाडूनं 1989 मध्ये हे बदललं, मग आपण आणि कर्नाटकनं एकाच वर्षी. राज्याचं पहिलं महिला धोरणही 1994 चंच. त्याची पेपरात मोठी बातमी आली होती. मी तेव्हा सासरी पोळ्या लाटत होते आणि पेपर सासऱ्यांचं वाचून झाल्यावर हाती यायचा. लग्न झालेल्यांना का वगळलं याचं धड उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. लग्नात दिलं-घेतलं तो हिशेब मिटला असं धरलं असावं. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा, तरीही.

या रेषेचा अनुभव आला 1999 साली. अण्णांना, म्हणजे वडिलांना, जमिनीचा रस्त्याकडेचा गट विकायचा होता. वकिलांनी कागद पाहिले आणि म्हणाले, धाकट्या मुलीची सही लागेल, थोरलीची नको. धाकटीला संगमनेरहून बोलावून घेतलं. तिला वाटलं अण्णांना काही झालं, बिचारी रडतच एसटीतून उतरली. मी त्या वेळी माहेरीच होते, मुलीच्या सुट्टीत आले होते. ओसरीवर वकील, घेणारा, मध्यस्थ, अण्णा आणि धाकटी. स्वयंपाकघरात आई आणि मी, चहाचं पातेलं. धाकटीनं न वाचता सही केली, वाचून करायचं असतं हे तिला कुणी सांगितलंही नाही. संध्याकाळी तिला पैठणी आली. मला पण आली, अण्णा दुजाभाव करणारे नव्हते. पण तिची पैठणी सहीची होती आणि माझी लाडाची, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. गटाच्या पैशातून बोअर झाली, द्राक्षाची बाग झाली, भाऊ उभा राहिला.

आज हे लिहायचं कारण सातबारा. अण्णा मागच्या दिवाळीनंतर गेले. वारस नोंद करायची राहिली होती, आता खरिपाच्या कर्जाला गावची कर्ज देणारी सोसायटी नावं मागते आहे. भावानं फोनवर कागद पाठवले. आईचं नाव, भावाचं, माझं, धाकटीचं. आणि खाली हळूच, "ताई, नोंद झाली की हक्कसोड करून टाकू. एकदा नाशिकला येतो, दोघींना घेऊन जातो."

जुने सातबारेही त्यानं पाठवले होते, ते मी मोठे करून पाहिले. आजोबा वारले तेव्हाच्या नोंदीत आमच्या आत्याचं नाव आहे. कुठे? भोगवटादाराच्या, म्हणजे मालकाच्या रकान्यात अण्णा आणि काका. आत्या 'इतर हक्क' या रकान्यात, सोसायटीच्या बोज्याच्या खाली. वर तीन हजारांचं कर्ज, खाली आत्या. बोजा फिटला, त्याला कंस झाला, म्हणजे नोंद रद्द. आत्याला तर हयात असतानाच कंस झाला, कारण तिनं हक्क सोडला. दर भाऊबीजेला ती यायची तेव्हा हा कंस कुणाच्या तोंडी आल्याचं मला आठवत नाही.

आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती माझ्याकडेच आहे सध्या. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "माझं नाव कुठं दिसतं बघ." विहिरीजवळच्या दीड एकराच्या गटावर तिचं नाव आहे. भोगवटादाराच्याच रकान्यात, अण्णांच्या शेजारी. ते कसं आलं याची गोष्ट मी मुलीला सांगितली होती, पण लिहून कधी ठेवली नव्हती.

आई चांदवडला गेली होती. नोव्हेंबर 1986, शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन. आमच्या गावातून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून बाया गेल्या. शिदोरीत भाकरी, ठेचा, अंगावर घरातली बरी साडी, पदराला संघटनेचा लाल बिल्ला. मी तेव्हा बारा वर्षांची, दोन दिवस भावंडांची भाकरी मी थापली. लाखभर बाया जमल्याचं म्हणतात. आई म्हणते, मोजायला कोण बसलं होतं, पण चांदवडच्या रस्त्यावर लुगड्यांखेरीज काही दिसत नव्हतं. आमच्याकडच्या बायांना आंदोलन नवं नव्हतं. कांद्याचं आंदोलन त्यांच्या घरातूनच गेलं होतं. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा पुरुष द्यायचे, पण कांदा लावणं, निंदणं, कापणं, चाळीत भरणं यातला घाम बहुतेक बायांचाच. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी लाटणी घेऊन महागाईविरुद्ध मोर्चे काढले ते 1972 नंतर. त्या बायांना कांदा स्वस्त हवा होता, आमच्यांना महाग. हे मला फार उशिरा लक्षात आलं आणि हसू आलं.

अधिवेशनात संघटनेचे नेते शरद जोशी बोलले, बाया बोलल्या. आईला भाषणांतलं फार आठवत नाही. आठवतं ते हे, की व्यासपीठावर एक बाई रडत-रडत बोलली आणि तिला कुणी खाली बसवलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी लक्ष्मीमुक्ती आली. शेतकऱ्यानं आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावे करायची. गावात शंभर जणांनी केली की ते लक्ष्मीमुक्त गाव. जोशी सभांमधून सीतेची गोष्ट सांगायचे. चक्रवर्ती राजाची राणी, नवऱ्यानं टाकली तर तिला उभं राहायला स्वतःची जागा नव्हती. मग तुमच्या घरच्या लक्ष्मीचं काय? यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला सीतेचं एकटीचं देऊळ आहे, शेजारी राम नाही. गरोदरपणी तिनं गावात पसाभर गहू मागितले, लोकांनी दिले नाहीत, म्हणून तिच्या शापानं तिथं गहू पिकत नसे, अशी दंतकथा. ते मोडकळीला आलेलं देऊळ संघटनेनं नीट केलं. अण्णा देवधर्मातले होते, त्यांना कायद्यानं हलवलं नसतं, सीतेनं हलवलं. 1992 मध्ये सरकारनंही परिपत्रक काढलं, की नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावता येईल. त्याच सुमाराला विहिरीजवळच्या गटावर आई चढली. तलाठी आप्पांनी अण्णांना विचारलं होतं म्हणे, "भांडण झालं का घरात?"

मी लक्ष्मीमुक्तीबद्दल कायम अभिमानानं बोलत आले आणि अजून बोलते. पण आज आत्याचा कंस पाहिल्यावर एक गोष्ट खटकली. बायकोला दिलेली जमीन घरातच राहते. उद्या ती मुलाकडेच येणार. लेकीला दिली तर ती दुसऱ्या आडनावाकडे जाते. म्हणून शंभर-शंभर नवरे पुढे आले. लेकीच्या नावानं जमीन करणारे शंभर बाप एका गावात पुढे आल्याचं मी ऐकलेलं नाही. अण्णा इतके मोठ्या मनाचे, पण त्या आप्पांकडे जाऊन "पोरींचीही लावा" म्हणाले नाहीत. त्यांच्या डोक्यातच आलं नसेल. माझ्याही नव्हतं आलं.

खुर्ची मात्र मिळाली. महाराष्ट्रानं 1990 मध्येच स्थानिक संस्थांत बायकांना 30 टक्के जागा ठेवल्या. 73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली आणि देशभर एक तृतीयांश झालं. त्याच्याही आधी, 1989 मध्ये, जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला संघटनेच्या बायांनी सगळंच्या सगळं पॅनेल बायांचं निवडून आणलं होतं, आरक्षणाशिवाय. आमच्याकडे तसं काही झालं नाही. आमच्याकडे आरक्षण आल्यावर गावच्या मंडळींनी पारावर बसून ग्रामपंचायतीसाठी नावं ठरवली, त्यात चांदवडला जाऊन आलेली म्हणून आई.

पहिल्या मासिक सभेला आईला निरोपच आला नाही. दुसऱ्या दिवशी शिपाई प्रोसिडिंग बुक घेऊन दारात. "काकू, इथं सही करा, बाकी मिटलंय." आई चौथी शिकलेली. तिनं वही घेतली, ओटीवर बसली आणि बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. शिपाई अर्धा तास उभा. ठराव होता पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा, आणि आई म्हणाली, "टाकी दुरुस्त झाली का झाली नाही ते मी रोज पाणी भरते, मला माहितीय." सही केली नाही. पुढच्या सभेपासून निरोप यायला लागला. मोठी क्रांती वगैरे नव्हे. पाच वर्षांत वस्तीवर एक नळ कोंडाळं आणि शाळेला मुलींची मुतारी एवढं तिचं काम, आणि त्यातली मुतारी पुढे कुलूपबंद झाली. मुदत संपली, आरक्षण दुसऱ्या वॉर्डात फिरलं, आईला कुणी पुन्हा उभं राहा म्हटलं नाही.

हे फिरणं मला तेव्हा साधं वाटलं. पुढे 9 मार्च 2010 ला राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक मंजूर झालं, 186 विरुद्ध 1. तो एक म्हणजे शरद जोशी. मी आईला सांगितलं तर तिचा विश्वास बसेना. चांदवड भरवणारा माणूस! त्यांचा राग फिरत्या आरक्षणावर होता, मतदारसंघ दर वेळी बदलणार तर बाई पाय रोवणार कशी. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्यांचं खोटं नाही. पण फिरलं नसतं तर माझ्याकडे आलंच नसतं." यावर मी अजून वाद घालू शकलेले नाही. आपल्याकडे 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. सरपंचाच्या गाडीच्या काचेवर नवऱ्याचं नाव दिसतं हेही खरं, आणि तरी आमच्या गावची आत्ताची सरपंच ग्रामसेवकाला नावानिशी हाक मारते हेही खरं.

खुर्ची पुरुषांनी तशी सहज सोडली असं मला वाटतं. पाच वर्षांनी ती परत येते आणि मधल्या काळात शेजारी बसून चालवताही येते. सातबाऱ्यावरचं नाव पाच वर्षांनी फिरत नाही.

माझी रेष पुसली गेली 2005 मध्ये. केंद्राचा कायदा 9 सप्टेंबरला लागू झाला, लग्न झालेली-न झालेली हा फरकच गेला. ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं उरलासुरला गोंधळही मिटवला, की मुलीचा हक्क जन्मानं आहे, 2005 मध्ये बाप हयात असो वा नसो. म्हणजे आता आम्ही दोघी बरोबरीच्या. वकिलाला आज माझीही सही लागेल.

24 जून, मंगळवार

भावाशी बोलले. तो वाईट नाही हे लिहून ठेवते, कारण रागात काहीही लिहिलं जातं. द्राक्षाचं औषध-पाणी, दोन वर्षांची गारपीट, आईचं दवाखान्याचं, सगळं त्यानंच केलं. त्याची अडचण खरी आहे. नावं चार झाली की सोसायटी चौघांचं संमतीपत्र मागणार. त्याला दर हंगामाला बहिणींच्या दारात उभं राहायचं नाही.

मी म्हटलं, "नावं लागू देत. भोगवटादारात लाव, इतर हक्कात नको. हक्कसोड मी आत्ता करत नाही. वाटणी मागत नाही, पीक मागत नाही. संमती देईन."

"म्हणजे दर वर्षी तुझ्या सहीसाठी नाशिकला यायचं?"

"ये. जेवूनच जा."

तो हसला नाही. मग थोड्या वेळानं म्हणाला, धाकटी तर सोडायला तयार आहे. असेल. तिनं एकदा न वाचता केली आहे, या वेळी मी तिला कागद वाचून दाखवणार आहे, पुढचं तिनं ठरवावं. तिचे मिस्टर म्हणतात सोडू नको, आणि त्यांनी म्हटलं म्हणून तिनं सोडू नये असंही मला वाटत नाही. तिथं त्यांचा डोळा कशावर आहे ते मला माहीत आहे. तलाठ्यांची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात, तेवढ्यात तिच्याकडे जाऊन येईन.

रात्री नऊच्या सुमाराला वहिनीचा फोन. ती सहसा स्वतःहून करत नाही. मला वाटलं आता बोलणी खायची. इकडचं-तिकडचं झालं, सासूबाईंच्या गोळ्या विचारून झाल्या, आणि मग आवाज खाली करून म्हणाली, "ताई, ते आईंचं नाव लागलं होतं ना, लक्ष्मीमुक्तीचं. ते अजून चालू आहे का हो?"

मी म्हटलं, "परिपत्रक आहे. पण अर्ज नवऱ्यानं करायचा असतो."

"ते माझ्यावर सोडा. कागद काय काय लागतात तेवढं लिहून पाठवा."